तलैवरांच्या तोंडचं नाव

पंचवर्णमला एका जागी शांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर ती फक्त सिनेमाच्या तंबूत. एरवी तिच्या पायाला भिंगरी. चुलीवर इडलीचं भांडं चढवलं की ही दारात, दारातून गल्लीच्या तोंडाशी, तिथून अरुळच्या सायकलच्या दुकानापर्यंत, "काय रे अरुळ, मद्रासहून काही बातमी?" परत येईस्तोवर भांड्यातलं पाणी आटलेलं आणि घरभर करपट वास. सासू म्हणायची, "हिला घडवताना देवानं बुडाखाली विंचू ठेवला आणि काढायचा विसरला."

बातमी म्हणजे मणिमुडीची. दिंडीगुलच्या कुलूपवाल्यांच्या गल्लीत या नटाचं नुसतं नाव कुणी घेत नसे. तलैवर म्हणायचं. नायक, पुढारी, घरातला कर्ता, सगळं त्या एका शब्दात आलं. अर्धी गल्ली त्याची आणि उरलेली अर्धी सेंगोडन नावाच्या दुसऱ्या नटाची. मधे कुणी नाही. ज्याला दोघंही आवडतात त्याला आमच्याकडे मुलगी देत नाहीत, असं म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

पंचवर्णमला हे वेड लागलं ते वेडसंदूरजवळच्या तिच्या खेड्यात, परकरी वयात. सुगीनंतर तंबूचा सिनेमा आला होता. वाळूवर बसायचं, दोरीच्या या बाजूला बायका, त्या बाजूला पुरुष. पडद्यावर मणिमुडी नदीच्या काठावर उभा होता आणि पैलतीरावर नायिका चालली होती. त्यानं तिला हाक मारली. "अगं ए" नाही, "ऐकलंस का" नाही. नाव घेऊन मारली. पुरतं नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, असं की त्या नावालाच किंमत आली. दोरीच्या अलीकडच्या सगळ्या बायका एकदम ताठ बसल्या. त्यांतल्या एकीलाही घरी कुणी नावानं बोलवत नव्हतं. पंचवर्णमच्या आईला तिचा बाप "हिकडं ये" म्हणायचा आणि शेजारणी "पंचवर्णमची आई" म्हणायच्या. आईलाही स्वतःचं नाव असेल, हे पोरीला तोवर सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिचा जीव त्या आवाजात अडकला तो अडकलाच. पुढं तलैवरांचं पोट सुटलं, त्यांचे सिनेमे एकापाठोपाठ एक आपटले, गल्लीतले कितीक भक्त नव्या पोरांच्या मागं गेले. ही तसूभर हलली नाही.

लग्न झालं सोनैमुत्तूशी. माणूस सोन्यासारखा, हातात कसब असं की त्यानं घडवलेलं कुलूप चोराच्या सात पिढ्यांना उघडू नये. पण सासरी पाऊल टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याच्या कानस-हातोडीच्या फळीवर जो फोटो लावलाय तो सेंगोडनचा आहे.

"हे काय?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे? दिसत नाही? अभिनय म्हणतात त्याला," सोनैमुत्तू म्हणाला. "तुमच्या माणसासारखं नुसतं मान वाकडी करून हसणं नाही."

तिनं माहेरच्या पेटीतून मणिमुडीचा फोटो काढला आणि शेजारी खिळा ठोकला. महिनाभर दोन्ही फोटो भिंतीवर इकडून तिकडं फिरत होते. शेवटी सासूनं दोघांच्या मधे मारिअम्मन देवीची तसबीर लावली आणि बजावलं, "आता हिच्या अंगावरून पलीकडं जाईल त्याचे हात झडतील." तेव्हा कुठं तह झाला. तरी दिवाळीला दोघांचे सिनेमे एकाच दिवशी लागायचे. मग नवरा एका थेटरात, बायको दुसऱ्या थेटरात, आणि कुणाकडं जास्त गर्दी होती यावरून दोन दिवस अबोला. तरी संसार सुखाचा होता. तो किल्ल्या कापायचा, ती कानशीनं घासून द्यायची, आणि भांडायला विषय कधी कमी पडला नाही.

बरीच वर्षं वाट पाहिल्यावर मुलगी झाली, आणि खरा प्रश्न तिथं उभा राहिला.

सासूनं पाळण्याच्या आदल्या दिवशी सांगून टाकलं, "पहिली नात. माझं नाव ठेवायचं. आपल्याकडं रीतच आहे."

रीत होतीच. पण दुसरीही एक रीत होती: सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही. जिभेला फोड येतो म्हणतात. पंचवर्णमनं ते नाव एकदाच, लग्न ठरताना ऐकलं होतं आणि मग मनातल्या मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

"मग आत्याबाई, मी माझ्या लेकीला हाक कशी मारू?" तिनं विचारलं.

"त्यात काय! पलीकडची मुरुगायी मारते की. तिच्या पोरीला तिच्या सासूचंच नाव आहे."

"ती 'ए शेपटे' म्हणते पोरीला."

"मग? पोरगी येते ना धावत?"

इतकी वाट पाहून झालेली लेक, आणि तिला आयुष्यभर ए शेपटे? त्या रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मुलीचं नाव तलैवर ठेवतील. त्यांच्या तोंडून येईल तेच नाव. तोवर दुसरं कुठलं ठेवायचं नाही."

बोललं ते बोललं. तलैवरांकडून मुलांची नावं ठेवून घेणारे भक्त काही कमी नव्हते, अरुळच्या थोरल्या भावाच्या मुलाचं नाव तसंच ठेवलेलं होतं. आणि भक्तानं एकदा असं बोलल्यावर शब्द मागं घेणं म्हणजे सेंगोडनवाल्यांना घरी बोलावून पायसम वाढणं. पाळण्याला आलेल्या बायका तांदळाची खीर खाऊन, बिननावाच्या पोरीला काजळाचा ठिपका लावून घरी गेल्या. पोरीला सगळे पाप्पा म्हणू लागले. पाप्पा म्हणजे नुसतं बाळ. सासू दिवसभर सुनेला नावं ठेवायची, पण पोरीचं नाव काही कुणी ठेवेना.

मग पंचवर्णमची धावपळ सुरू झाली. मदुरैला तलैवरांच्या सिनेमाच्या शंभराव्या दिवसाचा सोहळा होता, तिथं सहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन ती उन्हात उभी राहिली. गाडी आली तेव्हा तिनं लेकीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. आणखी वीस बायकांनी आपापली पोरं उचलली होती. पोलिसांनी काठ्या आडव्या लावल्या, गाडी थांबली नाही, आणि पोरीच्या नाकातोंडात धूळ जाऊन तिला चार दिवस खोकला झाला. पुढं ती भक्तांच्या बसमधून मद्रासला जाऊन आली. बंगल्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सगळ्यांना ताक दिलं आणि सांगितलं, तलैवर चित्रीकरणाला परदेशी गेलेत. बाकीच्या बायका ताक पिऊन, फाटकाला हात लावून खूश झाल्या. पंचवर्णमनं ताक तसंच शेजारणीच्या हातात दिलं.

घरात तिला चैन पडेना. झोपेतून उठून बसायची. सासूचा टोमणा, नवऱ्याचं हसू, सगळं चालत होतं. पण एका संध्याकाळी पोरगी गल्लीतून तोंड वेडंवाकडं करत आली आणि म्हणाली, "आई, सगळ्यांना नाव आहे. शेळीलापण आहे. मला का नाही?" पंचवर्णमच्या हातातली कानस किल्लीवरून सरकून बोटावर गेली. पोर काय म्हणाली ते कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं आधी सासूकडं पाहिलं. सासू विड्याचं पान लावत होती. तिनं ऐकलं होतं; पानाला चुना लावून तिनं पोरीला जवळ बोलावलं.

जूनमध्ये शाळा उघडली. हेडमास्तरांनी पोरीला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. कान हाताला लागला, म्हणजे वय झालं.

"नाव?"

"पाप्पा," पंचवर्णम म्हणाली.

"ते सगळ्यांचंच असतं, बाई. खरं सांगा."

"अजून ठेवायचंय, सर."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "पाच वर्षं मुहूर्त सापडला नाही? सोमवारी या. नसेल ठरलं तर मी मनानं लिहीन. माझ्या मनात नेहमी धनलक्ष्मीच येतं. वर्गात आधीच चार आहेत."

पाचवी धनलक्ष्मी! पंचवर्णम शाळेतून घरी न जाता थेट सायकलच्या दुकानाकडं वळली. आणि देव जागेवर होता म्हणायचा, कारण अरुळ दुकानाबाहेर येऊन तिचीच वाट बघत होता.

"अक्का, शुक्रवारी! कोडैकनालला चित्रीकरण आहे. तलैवर सकाळच्या मद्रास गाडीनं कोडै रोडला उतरणार. आतल्या माणसानं सांगितलंय. गर्दी होऊ नये म्हणून गुपचूप ठेवलंय."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. आपल्या भक्तमंडळाला फक्त."

म्हणजे आख्ख्या जिल्ह्याला. पण घरी येईपर्यंत ती जमिनीवर चालत नव्हती.

सोनैमुत्तूनं स्वच्छ नकार दिला. "मी? मणिमुडीपुढं हात जोडून उभा राहू? आमच्या मंडळात उद्या तोंड कुठं दाखवू? तू जा. आणि टोपाखाली केस आहेत का तेवढं बघून ये."

"पोर चेंगरेल गर्दीत," सासू कोपऱ्यातून म्हणाली. "मी येते. कोण हा लागून गेलाय ते बघते तरी. माझ्या नातीला बिननावाची ठेवणारा."

शुक्रवारी पहाटे तिघी निघाल्या. चिंचेचा भात केळीच्या पानात बांधून घेतला होता, तो सासूच्या मांडीवर. पोरीच्या वेणीत अबोली. पंचवर्णम गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायची, आत घ्यायची, पुन्हा काढायची. "गाडी तुझ्या ढकलण्यानं पळत नाही," सासू म्हणाली, "बस." ती बसली आणि पुन्हा उठली.

कोडै रोडच्या फलाटावर गुपित ऐकून आलेली शे-दीडशे माणसं होती. सासूनं लांबचा एक बाक गाठला. "मी इथंच. मला काही त्याच्याकडून मोक्ष नकोय." पंचवर्णमनं पोरीचं मनगट घट्ट धरलं आणि कोपरांनी वाट काढत पुढं घुसली. लाज, पदर, पायावर पडणारे पाय, कशाचीच शुद्ध नव्हती. लेकीचं नाव आज झालं नाही तर सोमवारी धनलक्ष्मी, नाहीतर सासूचं. एवढंच डोक्यात घण घालत होतं.

गाडी आली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून काळा चष्मा लावलेला, अंगाभोवती शाल गुंडाळलेला, ठेंगणा म्हणावा असा एक माणूस उतरला आणि खोकला. गर्दी गरजली तेव्हा पंचवर्णमला कळलं की हेच ते. पडद्यावर हे इतके मोठे दिसतात! क्षणभर तिचं मन खट्टू झालं, आणि झालं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. बरोबरची माणसं त्यांना मोटारीकडं नेत होती. तलैवर सवयीनं हात जोडत, एखाद्या पोराच्या गालाला हात लावत चालले होते. पंचवर्णम त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"तलैवर, हिचं नाव!"

ते थांबले. पोरीकडं वाकले. "काय गं तुझं नाव?"

"तेच तुम्ही द्यायचंय, तलैवर. तुमच्यासाठी ठेवलंय. जन्मापासून पाप्पाच म्हणतो. दुसरं कुठलं नाव मी ठेवू दिलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. डोळे प्रवासानं लाल झालेले. त्यांनी पोरीकडं पाहिलं, पंचवर्णमकडं पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वेडी का गं तू, बाई? एवढ्या मोठ्या पोरीला अजून नाव नाही?"

कौतुक होईल, डोळ्यांत पाणी येईल, काय काय तिनं मनात रचलं होतं. एवढं बोलणं नव्हतं रचलं.

"तलैवर, उशीर होतोय," मागून कुणी म्हणालं.

"घरात म्हातारी आहे?" त्यांनी घाईनं विचारलं. "हिच्या बापाची आई? काय नाव तिचं?"

पंचवर्णमची दातखीळ बसली. मागची माणसं रेटत होती, कुणीतरी ओरडत होतं, "अगं, सांग की, मुकी आहेस का?" तिनं मान हलवली. नाही म्हणून, की सांगता येत नाही म्हणून, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"मला माहितीये," पोरगी म्हणाली. आजीला ती अप्पत्ता म्हणायची. "अप्पत्तानं सांगितलंय मला. वेल्लत्तायी."

"मग तेच. थोरांचा आशीर्वाद." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कानाशी वाकले आणि रीतीप्रमाणं तीनदा म्हणाले, "वेल्लत्तायी. वेल्लत्तायी. वेल्लत्तायी."

तोच आवाज. नदीकाठचा. शेवटच्या अक्षरापर्यंत पुरता. पंचवर्णमच्या अंगावर काटा आला. ते पुढं गेले. चार पावलांवर दुसरी एक बाई कडेवरचा मुलगा पुढं करत होती. तिला ते विचारत होते, "घरात म्हातारा आहे? काय नाव त्याचं?"

मोटार गेली, गर्दी पांगली. पंचवर्णम खांबाला धरून उभी राहिली. रडावंसं वाटत होतं, पण रागच जास्त होता. त्यांच्यावर नाही, त्यांच्यावर तिला रागावता येत नसे. स्वतःवर. धुळीत उभी राहिली, पोरीला खोकला लावला, गल्लीत तिचं हसं करून घेतलं, आणि मिळालं काय? घरात पहिल्या दिवसापासून पडलेलं होतं ते. जे ती सोडून सगळं जग घेऊ शकेल असं नाव. आता लेकीला जन्मभर ए शेपटे.

ती बाकाशी आली. सासूनं पानाची पिंक टाकली. "काय मग? झालं बारसं? काय ठेवलं?"

पंचवर्णमनं लांब पाहिलं; पोरगी केव्हाच द्राक्षवालीच्या टोपलीकडं पळाली होती.

"सांग की! एखाद्या नाचणारणीचं ठेवलं असेल. म्हणून तोंड पडलंय."

पंचवर्णमनं भाताची पुरचुंडी उचलली आणि फलाटावर इकडून तिकडं चालत सुटली. काय सांगणार? तुमचंच म्हणावं, तर सासू जिंकली. आणि नुसतं नाव सांगायला जीभ नाही.

परतीची पॅसेंजर आली. गाडी इथं जेमतेम थांबते. सासू दांडीला धरून पायरीवर एक पाय टाकून उभी राहिली. पोरगी मात्र लांब, द्राक्षवालीच्या टोपलीपाशी.

"पाप्पा! ए पाप्पा, चल!"

पोरगी ढिम्म. पाठ फिरवून उभी.

"पाप्पा! गाडी जाईल!"

"मी पाप्पा नाही आता," पोरगी तिथूनच ओरडली. "नावानं बोलव. मग येते."

"मार खाशील! सोन्या, राणी, ये ना गं!"

"नावानं."

गार्डनं शिट्टी तोंडात धरली. पंचवर्णमनं सासूकडं पाहिलं. म्हातारी कपाळाला आठ्या घालून बघत होती, हे काय चाललंय म्हणून. पोरगी लांब होती, एकटी, तोंड फुगवून. सबंध गल्लीत शेळीलासुद्धा नाव होतं. पंचवर्णमनं डोळे मिटले आणि पोटातून हाक मारली.

"वेल्लत्तायी!"

जिभेला फोड आला नाही. फलाटावरची दोन-चार माणसं वळली, बस. तिनं लगेच तोंडावर हात दाबून धरला आणि सासूकडं बघायचा धीर तिला होईना. पोरगी हसत पळत सुटली होती.

मग पंचवर्णमनं हळूच मान वळवली. म्हातारी पायरीवरून खाली उतरली होती. विडा गालात तसाच होता आणि डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांमधून वाहत होतं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"आत्याबाई, चुकलं माझं. तलैवरांनी हेच ठेवलं, मी तरी..."

"आई माझी अशी हाक मारायची," म्हातारी म्हणाली. "परसातून. या घरात आले आणि संपलं. सून झाले, सोनैमुत्तूची आई झाले, आत्याबाई झाले. मला वाटलं होतं, मेल्यावर वेशीवर कुणी माझं नाव घेतलं तर घेईल आता."

पोरगी येऊन आईच्या कमरेला बिलगली. गार्डची शिट्टी झाली आणि गाडीनं हिसका दिला. उभी राहायला जिला कधी दम नसायचा ती पंचवर्णम हलली नाही.

"आणखी एकदा मार," म्हातारी म्हणाली. "जाऊ दे ती गाडी."